काचेतले डबके

मराठीत बेडकाला फारसा मान नाही. ज्याची दृष्टी तोकडी त्याला आपण कूपमंडूक म्हणतो. ऐपत नसताना जो बडेजाव करतो त्याला बैल व्हायला निघालेल्या बेडकीची गोष्ट ऐकवतो. पण फार जुन्या काळी असे नव्हते. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात एकशे तिसरे सूक्त आहे, ते सबंध बेडकांवर आहे. वर्षभर मुके राहिलेले बेडूक पहिल्या पावसाबरोबर बोलू लागतात, तेव्हा त्या ऋषीला मंत्र म्हणणाऱ्या ब्राह्मणांची आठवण होते. थट्टा म्हणा की स्तुती म्हणा, त्या ऋषीने बेडकाकडे नीट कान देऊन लक्ष दिले होते, एवढे खरे.

आपल्याकडे बेडूक ऐकायचा, पाहायचा. पाळायचा मात्र नाही. पोपट पाळतात, मैना पाळतात, पण घरात काचेची पेटी मांडून तीत कोणी बेडूक ठेवला आहे असे सांगितले, तर आजीबाई पदर तोंडाला लावून हसतील. युरोपात आणि अमेरिकेत मात्र हा छंद चांगला रुजलेला आहे. अर्धे पाणी, अर्धी जमीन, थोडी झाडे, एखादा दगड, आणि त्यावर डोळे वटारून बसलेले बेडूकराव. या पेटीला अडीचशे वर्षांचा इतिहास आहे. तो छंदाचा आहे, तसा विज्ञानाचा आहे, वैद्यकाचा आहे, आणि शेवटी एका मोठ्या मरतुकीचाही आहे. माणसाने डबके काचेत उतरवले, त्यामुळे त्याला बेडूक कळला. पुढे त्याच काचेआडची रोगराई बाहेर सांडली आणि रानातला बेडूक मेला. आणि ज्या जाती नष्टच व्हायच्या, त्यांतल्या काहींना आसरा दिला तोही ह्याच काचेने. ही हकीकत आज आपल्याला सांगायची आहे.

आधी हे पाहू, की बेडूक ठेवणे अवघड का? पक्ष्याला पिंजरा पुरतो, माशाला भांडे पुरते. बेडकाचे तसे नाही. त्याचा जन्म पाण्यात. अंड्यातून बाहेर पडतो तेव्हा तो कल्ल्यांनी श्वास घेणारा, शेपूट असलेला जीव असतो. पुढे शेपूट जिरते, पाय फुटतात, फुप्फुसे येतात, आणि तो जमिनीवर येतो. पण जमिनीवर आला तरी त्याची पाण्याशी बांधिलकी सुटत नाही. बेडूक तोंडाने पाणी पीत नाही. पोटाखालच्या आणि मांड्यांजवळच्या कातडीतून तो ते शोषून घेतो. श्वासही काही अंशी कातडीतूनच चालतो. याचा अर्थ असा, की पाण्यात जे असेल ते बेडकाच्या अंगात जाते. आपल्याला घाण पाणी ओतून देता येते. बेडकाला ती सोय नाही. त्याला कोरडेपणाही मारतो आणि घाणही मारते. बेडकाची पेटी मांडण्याची सारी विद्या या एका गोष्टीभोवती फिरते.

अठराव्या शतकात ही विद्या कोणाला नव्हती. होती ती काचेची बरणी. जर्मनीत घरोघरी अशा बरणीत हिरवा झाडबेडूक ठेवण्याची चाल पडली होती. तळाशी थोडे पाणी आणि आत एक चिमुकली लाकडी शिडी. बेडूक शिडीवर वर चढला तर हवा चांगली राहणार, खाली पाण्यात उतरला तर पाऊस येणार, असा समज. त्यात तथ्य एवढेच, की रानात ऊबदार दिवशी किडे उंच उडतात आणि त्यांच्या मागे हा बेडूकही झाडावर वर जातो. बरणीत ना किडे, ना झाड. तिथे तो वर चढला काय आणि खाली उतरला काय, हवेला त्याचे देणेघेणे नाही. बरण्या गेल्या, पण जर्मन भाषेत हवामानाचा अंदाज सांगणाऱ्याला आजही थट्टेने ‘हवामानाचा बेडूक’ म्हणतात.

त्याच शतकात काही माणसे बेडकाकडे अधिक गंभीरपणे पाहत होती. न्यूरेंबर्ग येथे ऑगस्ट योहान रोझेल फॉन रोझेनहोफ नावाचा चित्रकार होता. सूक्ष्म चित्रे काढणे हा त्याचा व्यवसाय. त्याने आपल्या प्रदेशातल्या बेडकांचे अंड्यापासून प्रौढावस्थेपर्यंतचे सारे टप्पे निरखून रंगवले. तो ग्रंथ १७५८ साली पूर्ण झाला. पुढे इटलीत लाझ्झारो स्पालान्झानी या धर्मगुरू असलेल्या शास्त्रज्ञाने बेडकांना चक्क विजारी शिवल्या! मेण लावलेल्या रेशमी कापडाच्या त्या विजारी घातलेल्या नरांबरोबर माद्यांनी घातलेली अंडी फुकट गेली. विजारीत साठलेले रेत अंड्यांना लावले, तेव्हा मात्र त्यांतून पिले निघाली. प्रजोत्पादनाला नराच्या रेताचा प्रत्यक्ष स्पर्श लागतो, हे अशा रीतीने बेडकाच्या विजारीने सिद्ध केले. पण हे सारे काम महिनाभराच्या हंगामाचे असे. बेडूक आणायचे, पाहायचे, आणि ते मेले की दुसरे आणायचे. वर्षानुवर्षे बेडूक ठेवता येईल असे घर अजून कोणी बांधले नव्हते.

ते घर प्रथम सापडले ते एका वनस्पतीच्या निमित्ताने. लंडनच्या पूर्व भागात नॅथॅनिएल बॅगशॉ वॉर्ड नावाचे डॉक्टर होते. त्यांना नेच्यांचा भारी षोक. पण त्या वेळच्या लंडनच्या धुरात नेचे जगत नसत. १८२९ साली त्यांनी एका पतंगाचा कोश ओल्या मातीत घालून झाकणाच्या बाटलीत ठेवला. पतंग कसा निघतो ते पाहायचे होते. काही दिवसांनी त्यांचे लक्ष मातीकडे गेले. तीत एक नेचा आणि एक गवताचे पाते उगवले होते! दिवसा मातीतला ओलावा वाफ होऊन वर जाई, काचेवर त्याचे थेंब होत आणि ते परत मातीत उतरत. बाहेर धूर असो की काजळी, आत आपला स्वतंत्र पावसाळा चालू. ती रोपे जवळजवळ चार वर्षे जगली.

वॉर्ड यांच्या पेटीने जगाचा व्यापार बदलला. १८३३ साली अशा पेट्यांतून रोपे सिडनीला धाडली, ती जिवंत पोहोचली. रॉबर्ट फॉर्च्यून याने चीनमधला चहा हिमालयाच्या उतारावर आणला तो ह्याच पेट्यांतून, आणि १८६० नंतर निलगिरीत सिंकोना म्हणजे कोयनेलचे झाड आले तेही त्यांतूनच. तेव्हा आपल्या कपातला चहा आणि आपल्या आजोबांच्या हिवतापावरचे कोयनेल, दोन्हींचा या काचपेटीशी संबंध आहे. आपल्या विषयापुरते मात्र एवढेच लक्षात ठेवायचे, की बंद काचेत ओलावा राखता येतो हे माणसाला कळले. बेडकाच्या घराची जमिनीची बाजू तयार झाली.

उरली पाण्याची बाजू. १८४५ साली इंग्लंडमध्ये काचेवरचा कर उठला आणि काच स्वस्त झाली. लंडनमध्येच रॉबर्ट वॉरिंग्टन नावाचे रसायनशास्त्रज्ञ होते. त्यांनी एका भांड्यात दोन गोल्डफिश, पाण्यात वाढणारी एक वनस्पती आणि काही गोगलगायी ठेवल्या. वनस्पती प्राणवायू देते, मासे तो घेतात, कुजलेली पाने गोगलगायी खातात. पाणी न बदलता सगळे सुखाने जगतात, असे त्यांनी १८५० साली जाहीर केले. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी माशांचे घर उघडले. पुढच्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस यांचे ‘द अक्वेरियम’ हे पुस्तक निघाले आणि मत्स्यपेटीचे वेड घरोघर शिरले.

वॉरिंग्टन यांचा हिशेब मात्र अर्धाच होता. प्राण्याच्या मलमूत्रातून पाण्यात अमोनिया येतो आणि तो विषारी असतो. त्याचे काय होते? याचे उत्तर शोधण्यात ज्यांचा मोठा वाटा आहे, त्यांचे नावही रॉबर्ट वॉरिंग्टनच. हे आधीच्या वॉरिंग्टन यांचे चिरंजीव! रॉथमस्टेड येथील शेतकी प्रयोगशाळेत ते जमिनीतल्या नत्राचा अभ्यास करीत. अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट असे दोन टप्पे असून ते दोन वेगळ्या सूक्ष्म जीवांचे काम आहे, असे त्यांनी दाखवले. ते जीव वेगळे काढण्याचे यश १८९० च्या सुमारास विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञाला मिळाले. बापाने भांडे मांडले, आणि ते भांडे टिकते का, याची किल्ली मुलाने शेतातल्या मातीत शोधली. आज कुठलाही जाणकार नव्या पेटीत पाणी भरून लगेच प्राणी सोडत नाही. ह्या सूक्ष्म जीवांची वस्ती होण्यास काही आठवडे जाऊ देतो. त्याचे मूळ इथे आहे.

ओली जमीन आणि जिवंत पाणी ही दोन्ही अंगे हाती आल्यावर ती एका पेटीत आणणे ओघानेच आले. १८८४ साली जर्मनीत योहान फॉन फिशर यांचे, तर १८९७ साली इंग्लंडमध्ये ग्रेगरी बेटमन यांचे अशा पेट्यांवरचे मोठे पुस्तक प्रसिद्ध झाले. पेटी किती लांब, काच कशी बसवायची, पाण्याची जागा कुठे, कोणते बेडूक एकत्र ठेवावेत, अशी सारी तपशीलवार माहिती लोकांना मिळू लागली. पुढे या मिश्र पेटीला पालुडेरियम असे नाव पडले. लॅटिनमध्ये पालुस म्हणजे दलदल. आपण तिला काचेतले डबके म्हटले तरी चालेल.

हे डबके केवळ शोभेचे राहिले नाही. १८६४ साली मेक्सिकोहून पॅरिसला अ‍ॅक्सोलॉटल नावाचे काही जलचर पोहोचले. हा प्राणी बेडकाचा चुलतभाऊ. तो कल्ले ठेवूनच मोठा होतो आणि जन्मभर पाण्यात राहतो. पण ओग्यूस्त द्युमेरिल यांच्याकडे त्यांची जी पिले झाली, त्यांतल्या काहींचे कल्ले १८६५ मध्ये एकाएकी जिरले आणि ती जमिनीवर राहणारे प्राणी झाली. सगळे चकित झाले. मग जर्मनीत मारी फॉन शोव्हिन या बाईंनी हा बदल आपण मुद्दाम घडवून आणू शकतो का, ते पाहिले. साधन काय, तर अर्धे पाणी, अर्धी जमीन असलेले भांडे! पाणी हळूहळू उथळ करीत नेले, प्राण्याला हवेत श्वास घ्यायला लावले, आणि अतिशय चिकाटीने त्याला जमिनीवर आणले. १८७५ च्या सुमारास हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. प्राण्याची घडण आणि त्याची परिस्थिती यांचा संबंध काय, हा त्या काळचा सर्वांत मोठा प्रश्न. त्याचा कस एका काचेच्या भांड्यात लागला.

विसाव्या शतकाने ह्या पेटीला ऊब आणि प्रकाश दिला. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात जोन प्रॉक्टर या तरुण बाई सरपटणाऱ्या प्राण्यांच्या विभागप्रमुख होत्या. त्यांनी आखलेले नवे घर १९२७ साली उघडले. एकाच इमारतीत वेगवेगळ्या कप्प्यांना विजेने वेगवेगळी ऊब द्यायची, आणि साध्या काचेत अडकणारे अतिनील किरण ज्यातून आत येतात अशी काच वापरायची, ही त्यांची दृष्टी. ड जीवनसत्त्व आणि अतिनील किरण यांचा संबंध तेव्हा नुकताच उमगत होता.

आता ही सारी शिकवण एकत्र करून डबके कसे मांडतात, ते पाहू. उदाहरणादाखल कोरिया आणि ईशान्य चीन या भागातला अग्निपोटी बेडूक घेऊ. पाठ हिरवी, पोट लालभडक, आणि आयुष्य अर्धे पाण्यात. अशा दोन-तीन बेडकांसाठी दोन फूट लांबीची पेटी घेतात. तिचा निम्म्याहून थोडा अधिक भाग पाण्याचा, उरलेला जमिनीचा. दोहोंमध्ये सरळ भिंत नको, उतार हवा. कारण दमलेल्या बेडकाला काठ चढता आला नाही तर तोही बुडून मरतो. जमिनीसाठी गुळगुळीत गोटे, वर नारळाच्या काथ्याचा भुसा आणि शेवाळ. लपायला एखादे फुटके मडके किंवा झाडाची साल. लपायला जागा नसेल तर बेडूक सतत भेदरलेला राहतो आणि खात नाही. वर जाळीचे झाकण हवेच, नाहीतर सकाळी बेडूक कपाटाखाली सापडायचा!

पाण्याची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते. ते पाणी एक दिवस उघडे ठेवले तर क्लोरीन उडून जाते. पण काही शहरांत क्लोरामीन वापरतात, ते नुसते ठेवून जात नाही. त्याला उतारा घालावा लागतो. पाणी एकदम सगळे बदलायचे नाही, दर आठवड्याला थोडे थोडे बदलायचे, म्हणजे आतल्या उपकारक जीवांची वस्ती मोडत नाही. पेटी साबणाने धुवायची नाही. बेडूक शक्यतो हातात घ्यायचा नाही. घ्यावाच लागला तर हात स्वच्छ पाण्याने ओला करून, आणि नंतर हात धुवायचे, कारण ह्या बेडकाच्या कातडीतून झोंबणारा स्राव येतो. खाणे म्हणजे हलणारे भक्ष्य: रातकिडे, गांडुळे. किड्यांत चुना कमी असतो, म्हणून त्यांवर चुन्याची पूड भुरभुरतात; नाहीतर बेडकाची हाडे मऊ पडतात. गंमत अशी, की नुसत्या रातकिड्यांवर वाढलेल्या अग्निपोटी बेडकाचे पोट पिवळट होते. तो लाल रंग त्याला रानातल्या खाद्यातून मिळतो. काचेत आपण त्याला पाणी, जमीन, ऊब सगळे दिले, तरी रान ते रानच.

इथवरची गोष्ट गोड आहे. आता तिला वळण लागते. १९२७ मध्ये लॅन्सलॉट हॉग्बेन हे इंग्रज प्राणिशास्त्रज्ञ केपटाऊनला प्राध्यापक म्हणून गेले. तिथे त्यांना झेनोपस नावाचा बेडूक भेटला. हा जन्मभर पाण्यातच राहतो, त्यामुळे त्याला हौदात ठेवणे सोपे. बैलाच्या मेंदूखालच्या पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचला असता याची मादी अंडी घालते, असे त्यांच्या लक्षात आले. त्यातून गर्भारपणाची चाचणी निघाली. स्त्रीच्या मूत्राचा अंश बेडकीला टोचायचा. दिवस गेले असतील तर बहुधा दुसऱ्या दिवसापर्यंत बेडकी अंडी घालते. त्याआधी ह्या परीक्षेसाठी उंदीर किंवा ससे मारून त्यांचे पोट फाडून पाहावे लागे. बेडकी मात्र जिवंत राही आणि काही दिवसांनी पुन्हा उपयोगी पडे. १९६० च्या दशकात रासायनिक चाचण्या येईपर्यंत जगातल्या अनेक रुग्णालयांत आणि प्रयोगशाळांत ह्या आफ्रिकन बेडकांच्या पेट्या होत्या. हजारोंनी बेडूक बोटींतून आणि विमानांतून देशोदेशी गेले. विज्ञानालाही त्यांचा फार उपयोग झाला. जॉन गर्डन यांनी १९६२ साली जे प्रयोग प्रसिद्ध केले, ते ह्याच बेडकावर. त्याच्या वाढलेल्या पिलाच्या आतड्यातील पेशीचे केंद्रक अंड्यात घालून त्यांनी नवा जीव घडवला. त्याबद्दल २०१२ साली नोबेल पारितोषिकाचे ते मानकरी झाले.

पण बेडूक एकटा प्रवास करीत नाही. त्याच्याबरोबर त्याचे पाणी जाते, आणि पाण्यात जे असेल तेही जाते. १९७० नंतर ऑस्ट्रेलियात, मध्य अमेरिकेत, माणसाची कुऱ्हाड न पोहोचलेल्या जंगलांतून बेडूक नाहीसे होऊ लागले. ओढे होते, झाडे होती, बेडूक मात्र नव्हते. कारण सापडले ते १९९८ साली: कातडीवर वाढणारी एक सूक्ष्म बुरशी. तिचे शास्त्रीय नाव पुढच्या वर्षी ठरले, आणि ते ज्या बेडकांवरून पडले ते बेडूक रानातले नव्हते. वॉशिंग्टनच्या प्राणिसंग्रहालयात काचेत पाळलेले ते निळे विषारी बेडूक होते! ही बुरशी मारते कशी, तेही २००९ मध्ये स्पष्ट झाले. कातडीतून क्षारांची जी देवघेव चालते ती ती बंद पाडते. रक्तातले क्षार घटतात आणि बेडकाचे हृदय थांबते. ज्या कातडीमुळे बेडूक पाण्याशी जोडलेला, त्याच कातडीतून मरण आले.

ही बुरशी आली कोठून? २००४ मध्ये काही संशोधकांनी संग्रहालयांत जपून ठेवलेले जुने झेनोपस तपासले, तेव्हा १९३८ सालच्या एका नमुन्यावर ती सापडली. म्हणून गर्भचाचणीच्या बेडकांबरोबर ती जगभर गेली असावी, असा संशय बळावला. २०१८ साली तिच्या आनुवंशिक घडणीचा विस्तृत अभ्यास झाला, त्याने मूळ स्थान कोरियाच्या द्वीपकल्पाकडे नेले. त्याच अभ्यासात असेही आढळले, की बुरशीचे सर्व प्रमुख वंश व्यापारात विकल्या जाणाऱ्या प्राण्यांवर आहेत. म्हणजे एका कोणत्या बेडकाला दोष देऊन भागत नाही. रुग्णालयाचा हौद, प्रयोगशाळेची टाकी, खाण्यासाठी वाढवलेले बेडूक आणि हौशी माणसाची शोभिवंत पेटी, असे अनेक मार्ग एकमेकांना जोडले गेले. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक आढाव्यात निदान ५०१ जातींच्या घटीत ह्या बुरशीचा हात असून त्यांतल्या ९० जाती नामशेष झाल्या असाव्यात, असा अंदाज दिला आहे. एका रोगाने इतक्या जातींचा संहार केल्याचे दुसरे उदाहरण शास्त्राच्या नोंदीत नाही.

इतके झाल्यावर कोणी म्हणेल, फोडून टाका त्या काचा! पण इतिहास असा सरळ नसतो. बुरशी पनामाच्या एल व्हाये भागाकडे सरकत आहे असे दिसले, तेव्हा २००६ साली तिथल्या कार्यकर्त्यांनी रानातले बेडूक उचलले. ठेवायला जागा तयार नव्हती, म्हणून चक्क एका हॉटेलाच्या खोल्यांत पेट्या मांडल्या आणि पाहुण्यांच्या जागी बेडूक राहिले. पनामाचा सोनेरी बेडूक हे त्या देशाचे शुभचिन्ह. आज रानात तो दिसत नाही, पण काचेत त्याची प्रजा वाढते आहे.

टांझानियातील किहान्सी घळीची कथा तर याहून विलक्षण. तिथल्या धबधब्याच्या तुषारांवर जगणारा एक इवलासा भेक १९९६ साली शास्त्रज्ञांच्या दृष्टीस पडला. अंगठ्याच्या नखावर मावेल एवढा तो जीव अंडी घालत नाही, जिवंत पिले देतो. त्याचे सारे जग जेमतेम दोन हेक्टरांचे. २००० साली वर धरण झाले, वीज निघू लागली, आणि धबधब्याचे सुमारे नव्वद टक्के पाणी वळले. तुषार आटले. वर्षाअखेर ४९९ भेक न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयात नेण्यात आले. सुरुवातीची वर्षे फार वाईट गेली. पेटीतली वाफ, प्रकाश, खाद्य, सगळेच नव्याने शिकावे लागले, आणि बंदिस्त भेकांची संख्या शंभराच्याही खाली आली. इकडे घळीत कृत्रिम फवारे बसवून उरलेल्यांना जगवण्याचा प्रयत्न चालला होता. तोच २००३ नंतर तीही संख्या कोसळली, आणि तिथेही बुरशी सापडली. २००९ मध्ये हा भेक रानातून नामशेष झाल्याचे जाहीर झाले. पण तोवर काचेआडच्या माणसांना त्याचे मन कळले होते. २०१० साली १०० भेक विमानाने मायदेशी परत गेले, आणि २०१२ पासून त्यांना पुन्हा त्या घळीत सोडण्यास सुरुवात झाली. काचेतली सर आणि काचेतले धुके यांवर एक सबंध जात बारा वर्षे तगली. वॉर्ड यांच्या बाटलीतला तो स्वतंत्र पावसाळा असा उपयोगी पडला!

श्रोतेहो, या हकीकतीशी आपला संबंध काय, असे तुम्ही विचाराल. संबंध आहे. बेडकाच्या तंगड्या परदेशी पाठवण्याचा व्यापार आपल्याकडे जोरात होता. शेतातले किडे खाणारा हा मित्र कमी होऊ लागला, तेव्हा १९८७ साली ती निर्यात बंद झाली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या याद्यांत आपल्या बेडकांच्याही जाती आहेत, म्हणून रानातून बेडूक उचलून आणणे हा नुसत्या हौसेचा प्रश्न राहत नाही. आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आपल्या सह्याद्रीच्या उत्तर भागातल्या बेडकांवरही ही बुरशी आढळली आहे. सुदैवाने इकडे पनामासारखी मरतूक झालेली दिसत नाही. आशियातल्या बेडकांचा आणि तिचा सहवास जुना असावा, असा एक तर्क आहे. पण बाहेरून तिचा दुसरा, अधिक जहाल वंश आला तर काय होईल, याची हमी कोण देणार?

म्हणून ज्यांच्या घरी किंवा शाळेत अशी पेटी असेल, त्यांनी इतिहासाने शिकवलेले दोन नियम पाळावेत. पेटीतले पाणी ओढ्यात, तळ्यात किंवा उघड्या गटारात ओतू नये. ब्लीचिंग पावडर घालून, काही वेळ ठेवून मगच ते संडासात टाकावे. आणि कंटाळा आला म्हणून पेटीतला बेडूक नदीकाठी सोडू नये. त्यात दया वाटते खरी, पण एका बेडकावर केलेली ती दया ओढ्यातल्या हजारोंच्या जिवावर उठू शकते.

ज्यांना बेडूक पाहायचाच आहे त्यांच्यासाठी आपल्याकडे काचेवाचून सोय आहे. पावसाळ्यात आंबोलीच्या सड्यावर जावे. जांभ्या दगडाच्या खळग्यांत साठलेल्या वीतभर पाण्यात आंबोली टोड म्हणून ओळखला जाणारा भेक अंडी घालतो. या जातीला शास्त्रीय नाव मिळाले ते २००९ साली, आणि तिचे घर म्हणजे हा आंबोलीचा परिसर. त्या डबक्याला फिल्टर नाही, दिवा नाही. ऊन जरा लांबले की ते आटते, आणि त्याआधी पिलांना पाय फुटले पाहिजेत. अडीचशे वर्षे खटपट करून माणसाने काचेत जे उतरवले, ते तिथे दर आषाढात आपोआप भरते. ते बुटाच्या चिखलाने, प्लॅस्टिकच्या पिशव्यांनी आणि मोटारीच्या चाकांनी बिघडू न देणे, एवढे आपल्या हाती आहे.